मासे न खाणारा धनी

मेलेल्या माणसाच्या इस्टेटीची व्यवस्था लावण्याचे काम शहाण्याने अंगावर घेऊ नये, आणि गळ्यात पडलेच तर चारचौघांत सांगू नये. पहिले पथ्य मी तरुणपणीच मोडले. दुसरे आता संपादकांच्या आग्रहाने मोडतो आहे. "अंक सणाचा आहे, तेव्हा कोर्टातले काही असले तरी हसते असावे," असे त्यांनी बजावले आहे. कोर्टातले हसणे बहुधा जिंकणाऱ्याचे असते, पण एका प्रकरणात सगळेच हसले. तेच सांगतो.

मी ठाण्यात दाजीसाहेब वकिलांकडे कारकून होतो. मृत्युपत्रे लिहून देणे आणि माणूस गेला की डिस्ट्रिक्ट कोर्टातून त्यांचे प्रोबेट, म्हणजे ती अमलात आणण्याची परवानगी, काढणे, ही कामे माझ्याकडे असत. ज्यांचा या खात्याशी संबंध आलेला नाही (देव करो आणि न येवो) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मृत्युपत्र करणारा माणूस आपल्यामागे सगळे नीट मार्गी लावायला एकाचे नाव लिहून ठेवतो. तो एक्झिक्यूटर. मृत्युपत्रच नसेल, किंवा नाव लिहिलेला गृहस्थ हात वर करून बसला असेल, तर कोर्ट कोणाला तरी नेमते. तो ॲडमिनिस्ट्रेटर. नावे दोन, हाल एकच. मयताची क्रिया करवायची, मालमत्तेची यादी कोर्टात द्यायची, ती राखायची, तिचे उत्पन्न गोळा करायचे, देणी भागवायची आणि उरेल ते ज्याचे त्याला देऊन आपण आंघोळ करून मोकळे व्हायचे. मधल्या काळात मालमत्ता कायद्याने त्याच्या ताब्यात, पण तीतली सुपारीही त्याने तोंडात टाकायची नाही. लग्नघरच्या आचाऱ्यासारखे हे काम आहे. सगळा स्वयंपाक आपल्या हाती, आणि पंगत दुसऱ्यांची.

माणसे मरताना काय काय लिहून ठेवतील याचा नेम नाही. कल्याणच्या एका गृहस्थांनी परसातल्या आंब्याची फळे थोरल्याला आणि सावली धाकट्याला दिली. थोरला झाडावर चढला की धाकटा खाली उभा राहून ओरडे, "माझ्या सावलीत आंबा पाडू नकोस!" डोंबिवलीच्या एका म्हाताऱ्याने आपली म्हैस, जी सून खरे रडेल तिला ठेवली. तिन्ही सुनांनी असा काही टाहो फोडला, की म्हैस दावे तोडून भातखाचरांतून पळाली ती संध्याकाळी सापडली. पण ही कामे दाजीसाहेबांची. माझ्या स्वतःच्या गळ्यात पडली ती धर्मा तांडेलाची नाव.

तांडेल म्हणजे नाव हाकणारा मुख्य. धर्मा कोपरीच्या कोळीवाड्यातला, खाडीत जन्म गेलेला. एके दिवशी तो दाजीसाहेबांच्या कचेरीत आला, उंबऱ्याशीच उकिडवा बसला आणि म्हणाला, "मना कागुद कराचाय. नाव, जाली नि घर, समदा माज्या हिरूला."

हिरू त्याची एकुलती मुलगी. नवरा वारल्यावर बापाकडे परत आलेली, आणि बापाच्या नावेची मासळी बाजारात विकणारी. दाजीसाहेबांनी त्याला एक्झिक्यूटर म्हणजे काय ते समजावले आणि विश्वासाचा माणूस कोण, असे विचारले. धर्माने कचेरीभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"या अण्णांचा नाव घाला."

"अरे, मला नावेतले काय कळते?" मी म्हणालो. "मासा मी कधी ताटात पाहिलेला नाही."

"म्हनून तं तुमी! आमच्या वाड्यातला कोनी ठेवला, तं नावेचा जिताडा पयला त्याच्याच कालवनात जाईल. तुमी खानार नाय, मंग चोराल कशाला? मांजरीला कोनी दुधाची राखन देतो कं?"

दाजीसाहेब इतके हसले की त्यांना पानाचा ठसका लागला. "अण्णा," ते डोळे पुसत म्हणाले, "याला उत्तर सुचत असेल तर द्या." माझे नाव लिहिले गेले, तेही माझ्याच अक्षरात.

पुढच्याच ज्येष्ठात, नावा किनाऱ्याला ओढून ठेवल्यावर, धर्मा तापाने गेला. क्रियाकर्म झाले, मी यादी केली. नाव, सुकाणू, शिडे, नांगर आणि जाळी. जाळ्यांची नावे हिरू सांगे, मी लिही, आणि वास लेखणीला लागे.

एवढ्यात धर्माच्या थोरल्या भावाचा मुलगा नारू वकील घेऊन कोर्टात उभा राहिला. त्याचे म्हणणे असे, की काका आणि आम्ही एकाच घरचे, नाव एकत्र कुटुंबाची, तेव्हा ती मृत्युपत्राने मुलीला देण्याचा काकाला अधिकारच नव्हता. कायदा असाच आहे. माणसाला स्वतःचे ते देता येते, सगळ्या घराचे देता येत नाही. धर्माने भावापासून चूल वेगळी केली होती हे वाड्याला ठाऊक होते, पण त्याचा कागद नव्हता आणि तो भाऊही आता हयात नव्हता. नारूने आणखी एक पाचर मारून ठेवली. हा बामण नाव चिखलात कुजवील, निकाल लागेपर्यंत ती माझ्या हाती द्या.

दाजीसाहेबांनी मला बाजूला घेतले. "अण्णा, दर्या उघडला की नाव पाण्यात गेलीच पाहिजे आणि रोज मासळी आणताना दिसली पाहिजे. एकदा का ती नारूच्या हाती गेली, की हिरूला तिची फळीसुद्धा परत दिसणार नाही."

मी हे हिरूला सांगितले. ती जाळे विणत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाव गेली तं मी दुसऱ्याची मासली इकीन. रायली तं माजी इकीन. पाटी तीच, डोका तोच. पन अण्णा, फरक लय हाय." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आणि म्हणूनच मला फार वाईट वाटले.

नारळी पौर्णिमा आली. त्याआधी नावेवरचा जुना खलाशी गणू माझ्याकडे आला. म्हणाला, "नारल तुमी सोडाचा."

"मी? मी का?"

"धन्यानं नारल सोडल्याबिगर नाव पान्यात जात नाय. आनि ज्या घरात वरीस हाय त्या घरच्या मानसानं सण कराचा नाय, नारल सोडाचा नाय. तुमी धनी, पन घरचे नाय. तुमच्यावानी बेस मानूस सोधून गावनार नाय."

माणूस गेला की त्या घरात वर्षभर सण नाही, ही चाल आपल्याकडेही आहे. तेव्हा गणूचे म्हणणे मला पटले, आणि पटल्याची शिक्षा मी लगेच भोगली. पौर्णिमेला धोतर खोचून, पगडी घालून, हातात नारळ घेऊन मी कोपरीच्या खाडीच्या चिखलात उतरलो. ठाण्याच्या खाडीचा चिखल माणसाचा हुद्दा बघत नाही. माझा पाय घसरला, मी बसलो, आणि नारळाच्या आधी माझी पगडी पाण्याला अर्पण झाली. काठावरच्या कोळणींना हसू आवरेना. एक म्हातारी मात्र मनापासून म्हणाली, "धनी दोन-दोन वस्तू देतो! औंदा मासली बक्कल!"

मी नारळ सोडतो न सोडतो तोच वाजंत्री ऐकू आली. नारू मिरवत येत होता. लाल कोरी टोपी, सोनेरी कागदात मढवलेला नारळ, मागे नव्या लुगड्यात बायको आणि नाचणारे दोस्त. "नाव आमची, नारल आमचा!" असे म्हणून त्याने आपलाही नारळ खाडीत सोडला. हिरू जुन्याच लुगड्यात बाजूला उभी होती. तिने एकदा त्या मिरवणुकीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. खलाशांनी मात्र नारूकडे लक्ष दिले नाही. कागदावर नाव माझे होते, त्यांनी नाव लोटली.

आता माझी हुशारी ऐका. वाटणीआधीच हिरूने एक मासा जरी उचलला तरी नारूचा वकील बोंब मारील, म्हणून मी खलाशांना दम भरला होता. "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत नावेच्या वाट्यातली एक कोलंबीही हिरूच्या घरी जाता कामा नये. नावेचा वाटा माझ्या ताब्यात!" हे कायद्याला धरून होते. पण मला त्यांची रीत कुठे ठाऊक! आलेल्या मासळीचे वाटे पडतात, खलाशांचे, जाळ्यांचे आणि नावेचा एक. तो नावेचा वाटा धन्याच्या दारात नेऊन ठेवायचा असतो. कोळी माणसे शब्दाला पक्की. त्यांनी तो धन्याच्या दारात नेऊन ठेवला.

माझे दार तळ्याकाठच्या ब्राह्मण आळीत होते.

पहाटे आमची मंडळी सडा घालायला बाहेर गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. ओटीवर पाटी होती आणि गणू हात जोडून उभा होता. "धनी, वाटा!"

"हे काय?" मंडळींनी विचारले.

"इस्टेट," मी म्हणालो.

"इस्टेट हलते आहे!"

खरेच हलत होती. बोयी आणि कोलंबीच्या वर चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, होत्या, जिवंत, आणि त्यांची बंधने सैल झाली होती. एक तुळशीकडे निघाली. दुसरी ओटी उतरून शेजारच्या शंभूशास्त्र्यांच्या पडवीत शिरली. शास्त्रीबुवा संध्या करीत होते. क्षणात ते पळी-पंचपात्रीसह झोपाळ्यावर चढले आणि तिथून ओरडले, "अण्णा! तुमची इस्टेट माझ्या पाटाखाली आली आहे!"

एक्झिक्यूटरने मालमत्ता वाऱ्यावर सोडायची नसते. मी स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन धावलो. चिंबोरीने सांडशी धरली की सांडशीने चिंबोरी, हे मला आजही सांगता येणार नाही, पण आम्ही दोघे एकमेकांना धरून बाहेर आलो. ती सांडशी पुन्हा घरात आली नाही. त्या दिवशी मलाही घरात यायला बराच वेळ लागला.

पुढचा प्रश्न विक्रीचा. नाशवंत माल ताबडतोब विकावा असा नियम आहे, आणि विकण्याची एकच पद्धत मला ठाऊक होती, ती कोर्टाच्या लिलावाची. मी ओटीवर उभा राहून पुकारा केला, "एक वार... दोन वार..." आळीतली सगळी मांजरे जमली होती. तिसऱ्या वारापर्यंत त्यांनी धीर धरला नाही.

हताश होऊन मी दाजीसाहेबांकडे गेलो. तोड त्यांनी काढली. हिरूला मासळी देता येत नाही, पण इस्टेटीतर्फे विकायला रोजावर ठेवता येते. मी हे तिला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "माजीच मासली मीच इकाची, नि वर तुमी मना मजुरी देनार? असा कायदा असंल तं चांगला हाय की, अण्णा!"

रीत मात्र मोडायची नव्हती. वाटा धन्याच्या हाती पोचल्याशिवाय गणू पाटी दुसऱ्या कोणाला देईना. शेवटी आळीच्या तोंडाशी पिंपळाखाली तह झाला. रोज पहाटे मी नाकाला उपरणे लावून तिथे जायचे, गणूने पाटी ठेवायची, मी "पोचला" म्हणायचे, आणि हिरूने ती उचलून बाजार गाठायचा. आळीने मला "मासळीचे अण्णा" करून टाकले. शंभूशास्त्र्यांनी आधी प्रायश्चित्त सांगितले, मग बोलणे सोडले. पण माणसाचा स्वभाव पाहा. पुढे पुढे मी परतताना दिसलो की तेच पडवीतून हळूच विचारू लागले, "काय, आज बरे मिळाले का?" एकदा जाळे फाटून नाव रिकामी आली, तर त्यांनाच माझ्याहून जास्त हळहळ वाटली.

अशी नाव चालत राहिली, म्हणून नाव कुजल्याची तक्रार कुजली. उरला मुख्य वाद, घर एक की दोन. दिवाळी उलटल्यावर गोऱ्या जज्जसाहेबापुढे नारूची जबानी झाली. मागे सगळा कोळीवाडा येऊन बसला होता. नारूने नावेवर मालकी कशी गाजवली ते त्याच्या वकिलाला दाखवायचे होते.

"पौर्णिमेला नावेचा नारळ कोणी सोडला?"

"मी!" नारू छाती काढून म्हणाला. "सोन्याचा कागुद लावून. वाजंत्री लावली, बायकोला नवा लुगडा घेतला, घरी करंज्या केल्या, समद्या वाड्याला वाटल्या. असा सण आमच्या घरी कवा झाला नव्हता!"

करंज्यांचे नाव निघाले आणि मला माझे वडील गेले ते वर्ष आठवले. त्या दिवाळीला आमच्या घरी कढईसुद्धा चुलीवर चढली नव्हती. मी दाजीसाहेबांच्या बाहीला असा हिसका दिला की तिची शिवण उसवली. त्यांच्या कानात दोन वाक्ये सांगितली. ते सावकाश उठले.

"नारू, माणूस गेला की तुमच्यात वर्ष पाळतात?"

"पालतात की."

"कोण पाळतो?"

"ज्याच्या घरचा मानूस गेला, त्यो."

"वर्षात वाजंत्री लावतात? करंज्या करतात?"

"छे! कोन करील? पाप ला—"

आणि तो थांबला. साहेबाने दुभाष्याकडे पाहिले. दुभाष्याने वर्ष म्हणजे काय, सण म्हणजे काय, करंजी म्हणजे काय, सगळे सांगितले. साहेब पुढे वाकला आणि त्याने दुभाष्याकरवी विचारले, "मग काका तुझ्या घरचा होता की नव्हता?"

नारूने मागे वळून पाहिले. होता म्हणावे, तर काकाच्या वर्षात आपण वाजंत्री लावून नाचलो हे सगळ्या वाड्यासमोर कबूल होत होते. नव्हता म्हणावे, तर नाव जात होती. कोर्टात शपथेवर खोटे बोलणारे मी पुष्कळ पाहिले, पण मागच्या बाकावर आपले भाऊबंद बसलेले असताना सुतकाविषयी खोटे बोलणारा एकही पाहिला नाही.

"घर येगला होता, साहेब," तो पुटपुटला. "चूल येगली होती. म्हनून तं करंज्या केल्या."

मागून कोणीतरी फिसकन हसले, मग सगळा वाडा हसला, आणि कचेरीच्या शिस्तीला कडक असलेला तो साहेबही तोंडावर रुमाल धरून बसला. प्रोबेट मिळाले.

धर्माचे वर्षश्राद्ध झाल्यावर मी हिशेब देऊन टाकला आणि कोपरीला जाऊन नाव रीतसर हिरूच्या स्वाधीन केली. "आजपासून नाव तुझी. माझा संबंध संपला," असे म्हणताना मला मोठे हायसे वाटेल असे धरून चाललो होतो. उलट मी नावेच्या फळीवरून हात फिरवीत तिथेच उभा राहिलो. मासा न खाणाऱ्या माणसाला नावेची इतकी माया लागावी, याचे मला स्वतःचेच हसू आले.

धर्मामागे सुकाणू धरणारा गणू आता थकला होता. सुकाणूला कोण, असे मी हिरूला विचारले.

"नारू," ती म्हणाली.

मी उडालोच. "अगं, त्याने तुला कोर्टात खेचले! नाव गिळायला निघाला होता तो!"

"कोर्टात वाकडा चालला म्हनून मानूस खाडीत वाकडा चालत नाय, अण्णा. वारा फिरला का त्याच्यावानी सुकानू धरनारा आमच्यात दुसरा नाय. नि माजा भाऊच हाय त्यो. जाईल कुठं?"

"येईल तो?"

"इचारलाय. येतो बोलला."

मला ते मुळीच पटले नाही, आणि मी तसे सांगून घरी आलो. पण नारळी पौर्णिमा झाली, नावा पाण्यात गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने मला जाग आली. आता मला पिंपळाखाली जायचे कारण नव्हते. मंडळींची नजर चुकवून मी सरळ कोपरीला गेलो आणि वाळत घातलेल्या जाळ्यांच्या आड उभा राहिलो.

नाव काठाला लागली. वाटे पडले. नारूने पाटी खांद्यावर घेतली आणि तो वर चढून आला. वाटेत त्याचे स्वतःचे घर होते. दारात त्याची बायको उभी होती, तिच्याकडे न बघता तो पुढे गेला आणि हिरूच्या उंबऱ्याशी त्याने पाटी ठेवली. हिरू बाहेर आली. तिने वरचा पाला उचलून पाहिले, एक बोय हातात घेऊन तोलली आणि पुन्हा पाटीत टाकली.

"बारीक हाय," ती म्हणाली. "उद्या जरा पुढं जा."

"बरा," नारू म्हणाला, आणि जाळी धुवायला खाली गेला.